सातवीतली लेक, जांबोटीकडचं घर आणि दोन गुंठे

पत्र

आम्ही भोसरीत भाड्याने राहतो. मिस्टर सीएनसी सेटर आहेत, हातात 36,000 येतात. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, त्यातून सात-आठ हजार सुटतात. भाडं 16,000. मुलगी सातवीत मराठी माध्यमात, मुलगा तिसरीत इंग्रजी माध्यमात. त्याची फी वर्षाला 38,000, दोघांच्या व्हॅनचे 1,800 वेगळे. महिनाअखेर हात रिकामेच. सासर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. सासूबाई तिथे एकट्या असतात, त्यांना साखर आहे, आणि पुण्याला यायचं नाव काढत नाहीत. मिस्टरांना बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून 24,000 ची ऑफर आहे. आता प्रत्येकजण वेगळं सांगतो. दीर म्हणतात गावात घर आहे, भाडं शून्य, तिथेच राहा. माझी मावसबहीण निपाणीत असते, ती तिकडे बोलावते. मिस्टरांचे मित्र म्हणतात भाडी भरण्यापेक्षा बेळगावजवळ मच्छेच्या बाजूला दोन गुंठे घ्या, बाँडवर, म्हणजे स्टँपपेपरवर लिहून, लगेच काम होतं. आमच्याकडे पाच लाख साठलेले आहेत. माझं माहेर साताऱ्याकडचं, कन्नडचा गंध नाही. सगळ्यात स्वस्त काय पडेल?
— एक सूनबाई, भोसरी

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात जागा चार आहेत, पण प्रश्न भाड्याचाच विचारलाय. भाडं सगळ्यात शेवटी बघू. आधी वही काढा.

आज घरात साधारण 44,000 येतात. इकडे आलात की मिस्टरांचे 12,000 कमी होणार, आणि तुमचं शिवणकाम पहिले सहा महिने जवळजवळ बंदच राहणार. गिऱ्हाईक काही टेम्पोत भरून आणता येत नाही. म्हणजे 20,000 गेले. उलट बाजूला बेळगावात आठ हजारांत दोन खोल्या मिळाल्या असं धरू. भाड्याचे 8,000 वाचले. मुलाला मराठी शाळेत घातलंत तर महिन्याला तीनेक हजार, आणि शाळा पायी जाण्याइतकी जवळ असेल तर व्हॅनचे 1,800. सगळे मिळून तेरा हजारांच्या आत. म्हणजे 'स्वस्त' गावात येऊन तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला सात हजारांनी खाली जाल. भाजी, दूध, इस्त्री यांत थोडं सुटेल, पण त्यावर हा खड्डा भरत नाही.

यावर दीर म्हणतील, म्हणूनच सांगतोय, गावात राहा. आणि कागदावर त्यांचं बरोबर आहे. भाड्याचे पूर्ण 16,000 वाचले, शाळेचे वाचले, वजा मिस्टरांचं पेट्रोल. जांबोटीपासून उद्यमबाग जाऊन-येऊन साठ किलोमीटर धरा, महिन्याला सव्वातीन हजारांच्या आसपास. हिशेब जवळपास बरोबरीला येतो. गावाकडे खर्च काय लागतो, असं सांगणारी माणसं बहुतेक शहरातून पैसे पाठवत असतात, हा भाग सोडून द्या.

पण जांबोटी-कणकुंबी हा पट्टा तुम्ही मे महिन्यात आणि गणपतीत पाहिलाय. जुलैत सलग महिनाभर राहिला आहात का? मलप्रभा कणकुंबीत उगम पावते ती उगीच नाही. पाऊस बसला की आठ-आठ दिवस उघडीप नाही. कपडे चुलीवरच्या दांडीला वाळवायचे, आणि मुलांच्या गणवेशाला धुराचा वास. पावसाआधी कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, त्याचं सामान आणि मजुरी दर वर्षी. रात्री वारा सुटला की वीज गेली, ती कधी येईल याचा भरवसा नाही. हे सगळं सासूबाई वर्षानुवर्षं करतायत आणि तुम्हीही कराल. मिस्टरांची दुसरी पाळी मात्र मला डोळ्यांसमोर दिसते. चोर्ल्याकडे जाणारा हा रस्ता, समोरून गोव्याच्या गाड्या, पावसात खड्डा कुठला आणि पाणी कुठलं ते कळत नाही, आणि साडेअकरा-बाराला मोटरसायकलवर एकटा माणूस. सव्वातीन हजारांत हे मी धरलेलंच नाही. शिवाय तिथे तुमच्या मशीनला काम किती मिळणार? दोन लग्नसराया सोडल्या तर फारसं नाही.

आता खरी गोष्ट. तुमच्या घरात गाव ठरवायचा अधिकार कोणाला असेल तर तो सातवीतल्या मुलीला आहे.

कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून दहावीपर्यंत. म्हणजे येत्या जूनमध्ये ती आली तर वर्गातली बरीच मुलं वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून नव्यानेच आलेली असतील. ती एकटी परकी पडणार नाही. इथल्या दहावीला, म्हणजे एसएसएलसीला, मराठी पहिली भाषा म्हणून घेता येते आणि पहिल्या भाषेला 125 गुण असतात, एकूण 625. पण कन्नड शिकावंच लागेल. 2015 च्या कायद्यानंतर ते शाळांतून सक्तीचं झालंय. तीन वर्षांत अक्षरओळखीपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत जाणं कठीण आहे, अशक्य नाही. बेळगावात गल्लीतली पोरं निम्मं शिकवतात. हेच जर तिला नववीत किंवा दहावीत उचलून आणलंत तर मात्र तिच्यावर अन्याय होईल. म्हणून माझ्या मते दोनच मुहूर्त आहेत. एक तर हा जून, नाहीतर तिची दहावी महाराष्ट्र बोर्डातून झाल्यावर. मधली दोन वर्षं वर्ज्य.

याच्या पुढची एक बाब तुम्हाला कोणी सांगितली नसेल, म्हणून जरा सविस्तर. बारावीनंतर इथल्या सीईटीतून सरकारी कोट्यातली जागा हवी असेल तर विद्यार्थ्याने कर्नाटकात किमान 7 वर्षं शिकलेलं असावं लागतं. मुलगा तिसरीत आहे, त्याची सहज भरतील. मुलीची आठवी ते बारावी पाचच होतात. पण नियमात दुसरी वाट आहे: विद्यार्थ्याने अकरावी-बारावी इथे केली असेल आणि आई-वडिलांपैकी एकाने कर्नाटकात 7 वर्षं शिक्षण घेतलं असेल तर तोही पात्र ठरतो. मिस्टर गावातल्या शाळेत आणि मग खानापुरात शिकले असतील तर त्यांची 7 वर्षं केव्हाच झालीत. म्हणजे मुलगी आत्ता आली काय आणि दहावीनंतर आली काय, ही वाट उघडी राहते. त्या वर्षांचे शिक्षणाचे दाखले मात्र काढून ठेवावे लागतील. महाराष्ट्राच्या बाजूनेही अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तरतूद आहे, पण तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांच्या यादीत आहे का, हे पाहावं लागतं, आणि नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तकातूनच वाचावेत. चुलतभावाच्या मुलीला काय लागू झालं होतं यावर जाऊ नका.

मग राहायचं कुठे? मी असते तर बेळगावच्या दक्षिण अंगाला घर बघितलं असतं. अनगोळ, वडगाव, मजगाव. खानापूर रस्त्यावर पिरनवाडी-मच्छेकडे थोडं स्वस्त पडतं, पण वडगाव-शहापूर माझ्या यादीत वर आहे आणि त्याचं कारण मिस्टर नाहीत, तुम्ही आहात. हा भाग विणकरांचा. साड्यांची दुकानं जिथे आहेत तिथे फॉल-पिकोवाली उपाशी राहत नाही. दुकानदाराकडून गठ्ठ्याने काम मिळतं. दर कमी, पण दुसऱ्याच महिन्यापासून हातात काही यायला लागेल. उद्यमबाग तिथून सायकलच्या अंतरावर. तिसऱ्या रेल्वे गेटापाशी सकाळी पाळीच्या वेळी काय होतं ते मिस्टरांना एकदा बघू दे. मराठी शाळा, हायस्कूल चालत जाण्यासारखी. आणि कन्नड येत नाही म्हणून बाजारात काही अडत नाही. अडेल ते सरकारी फॉर्मवर, तिथे मिस्टर आहेतच.

घर बघायला गेलात की मालकाला पाण्याचं विचारू नका, शेजारणीला विचारा. "नळ किती दिवसांनी सोडतात हो?" एवढंच. शहरातल्या काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी आलं, बाकीच्यांना पाळीने येतं, आणि पाळी मध्येच चुकते. जुन्या घरांत विहीर असते. ती वापरात आहे का, पंप कोणाच्या मीटरवर आहे, हे तिथेच उभं राहून बघा. वडगावच्या खालच्या अंगाला बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसात पसरतं, तेव्हा गल्ली उंचावर आहे ना हेही. विजेचा मीटर स्वतंत्र हवा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांपर्यंत वीजबिलाची सवलत भाडेकरूलाही मिळते, पण ती आधीच्या सरासरीवर ठरते आणि मीटर सामायिक असला की भांडणं होतात.

निपाणी मी खोडत नाही, दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. मावसबहीण जवळ असणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि बोलायला सगळीकडे मराठी. खरा मुद्दा असा की तिथून कागलची पंचतारांकित एमआयडीसी वीसेक किलोमीटरवर आहे. सेटरला तिथे काय देतात हे उद्यमबागेला होकार देण्याआधी मिस्टरांनी एकदा जाऊन विचारायलाच हवं. पगारात चार-पाच हजारांचा फरक निघाला तर माझा क्रम उलटा करा. दोन गोष्टी मनात ठेवा: निपाणीला रेल्वे नाही, आणि कागलच्या वाटेवर यमगर्णीजवळ वेदगंगा आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात तिथे महामार्ग बंद पडला होता. दर वर्षी पडतो असं नाही, पण पडला की तितक्या दिवसांचा पगार बुडतो.

खुद्द खानापूर राहिलं. रेल्वे आहे, बेळगावला बस आहेत, मराठी वस्ती आहे. पण रोज बेळगावला यायचंच असेल तर बेळगावातच राहिलेलं बरं. महाराष्ट्र बोर्ड सोडायचंच नाही असं मुलगी हट्टाने म्हणाली तर वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीचाही विचार होतो. ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. रेशनकार्ड, बोर्ड, गाडीचा नंबर काहीच बदलत नाही आणि बेळगाव हाकेच्या अंतरावर. मिस्टरांना मात्र रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल.

दोन गुंठ्यांबद्दल. नाही.

अजून स्पष्ट सांगते. दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट शेतजमीन. उतारा बहुतेक वेळा चार भावांच्या नावावर, बिगरशेती झालेली नाही, लेआउट मंजूर नाही. बाँडवर लिहून देतात म्हणजे काय देतात? 100 रुपयांहून जास्त किमतीच्या जागेची खरेदी नोंदणी केल्याशिवाय तुमच्या नावावर होत नाही. 1908 पासून हा कायदा आहे. बाँडवाल्या जागेवर बँक कर्ज देत नाही, ई-खाता, म्हणजे मालमत्तेची सरकारी ऑनलाइन नोंद, निघत नाही, आणि उद्या चौथ्या भावाची मुलगी वाटणीचा दावा घेऊन आली तर तुम्ही कोर्टात कोण? ज्यांनी अशी घरं बांधली ती उभी आहेत, हे खरं. शेजारी तुम्हाला तेच दाखवतील. पण तुमचे पाच लाख ही घराची एकुलती एक पुंजी आहे. ती पहिल्या वर्षी कशातच अडकवू नका, लीजवरच्या घरातसुद्धा नाही. लीज म्हणजे मालकाला तीन-चार लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं भरायचं नाही, घर सोडताना पैसे परत. मालकाने तेच घर बँकेत गहाण टाकलेलं असलं तर तुमचे पैसे कुठे शोधणार? त्या पाच लाखांतून महिना सात हजारांचा तो खड्डा सहा महिने भरायचा, 42,000 गेले असं समजायचं, आणि बाकीचे बँकेत.

मिस्टरांना म्हणावं, 24,000 हा बोलीचा पहिला आकडा आहे. भोसरीत इतकी वर्षं काढलेला सेटर, प्रोग्रॅम स्वतः बसवणारा असेल तर, घासाघीस न करता हो म्हणू नये. ओव्हरटाइमचा दर काय, पीएफ कशावर कापणार, हे तोंडी नको, पत्रावर हवं. आणखी एक पेच आहे. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, मर्यादा महिना 21,000 पगाराची, त्याच्या वर गेलं की ते लागू होत नाही. म्हणजे सासूबाईंच्या औषधापाण्याचा खर्च तुमच्याच खिशातून. सिव्हिल हॉस्पिटल आणि केएलई दोन्ही शहरात आहेत, हे जांबोटीहून केव्हाही बरं. कंपनी गटविमा देते का आणि त्यात आई धरतात का, तेही विचारा.

सासूबाई पुण्याला येत नाहीत म्हणून बेळगावलाही येणार नाहीत असं गृहीत धरू नका. बेळगाव त्यांच्या बाजाराचं गाव आहे, परकं नाही. 'कायमच्या चला' म्हणू नका. 'पावसाचे चार महिने या, गणपतीला आपण सगळे मिळून गावाला जाऊ' म्हणा. गावातलं रेशनकार्ड त्यांच्याच नावावर असेल, इथल्या सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 त्यांच्या खात्यावर येत असतील, तर त्या कार्डात घाईने तुमची नावं घुसवू नका. महाराष्ट्रातल्या कार्डातून नावं कमी झाल्याशिवाय ती इथे चढत नाहीत, आणि गोंधळ झाला तर त्यांचे चालू पैसे अडकायचे. आधार इथल्या पत्त्यावर आलं की तुम्हाला शक्ती योजनेत सरकारी साध्या बसमधून फुकट फिरता येईल. सासूबाईंकडे जाणं-येणं त्यात होईल. मोटरसायकल बारा महिन्यांपर्यंत आहे त्या नंबरवर चालते, पुढे राहायचं ठरलं तर तिकडच्या आरटीओकडून ना-हरकत घेऊन इथला कर भरायचा.

सीमावादाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. रोजच्या जगण्यात दुकानदार, शेजारी, शिक्षक यांच्याशी तुमचं नीट जमेल. वाद पेटला की आधी दोन राज्यांमधल्या बस थांबतात. डिसेंबर 2022 मध्ये थांबल्या, फेब्रुवारी 2025 मध्येही. त्या चार दिवसांत साताऱ्याला जायचं झालंच तर रेल्वे आहे. 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाला आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाला, प्रवास ठरवू नये एवढं इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि हो, इकडे शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला थोडी. माहेरच्या दिवाळीचं गणित पहिल्या वर्षी चुकेल, आईला आधीच सांगून ठेवा.

तर क्रम असा. मिस्टरांनी कागल आणि उद्यमबाग दोन्हीकडे जाऊन मार्चपर्यंत पत्र हातात घ्यायचं. 28,000 कुठेच जमत नसतील तर यंदा हलू नका. मुलीची दहावी होऊ दे, तोवर मुलाची शाळा बदलून आणि भोसरीतच लांबच्या गल्लीत घर बघून तीन-चार हजार वाचवता येतात का पाहा. जमलं, तर एप्रिलमध्ये दोघांनी मिळून येऊन घर ठरवा, अकरा महिन्यांचा करार करा. इथल्या शाळा जूनच्या सुरुवातीलाच भरतात, तिकडच्यासारखी पंधरा जूनची वाट बघत बसलात तर हव्या त्या हायस्कुलातली जागा जाईल. निकाल लागला की लगेच दाखला मागा, आणि परराज्यात जायचंय म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का ते आधी नव्या शाळेत विचारा.

एप्रिलच्या त्याच फेरीत मिस्टरांच्या जुन्या शाळेतही जाऊन या. 7 वर्षांचे दाखले मागायचे आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही घ्यायची. शाळांना सुट्टी लागली की मुख्याध्यापक सापडत नाहीत, तेव्हा दहा तारखेच्या आत गेलेलं बरं. जुन्या रजिस्टरात नाव कसं लिहिलंय आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे टेबलावरून उठण्याआधीच तपासून घ्या.